चौदा दगड आणि काकीचं वावर

आमच्या भागातले दगड चालतात. हे वाचून तुम्ही हसला असाल तर तुम्हाला शेत नाही, आणि गप्प बसला असाल तर तुमचा बांध कुणीतरी कोरलेला आहे.

विंझरवरून वेल्ह्याकडं जाताना रस्ता सोडून डोंगराला भिडलं की तिसऱ्या वळणावर आमचं गाव. गावाच्या डोक्यावर लाल जांभ्याचा माळ, आणि माळाच्या कडेकडेनं आमच्या वरकस जमिनी, म्हणजे नाचणी आणि वरीशिवाय ज्यांनी आजवर कुणाला काही दिलं नाही अशा. तिथं माझा एक तुकडा, त्याला लागून पैलवानाचा. पैलवान नावापुरताच, शेवटची कुस्ती कधी मारली ते त्याच्या गुडघ्यांनाही आठवत नाही, पण दगड उचलण्यापुरती ताकद शाबूत आहे. आमच्या दोघांच्या हद्दीवरचा दगड माझ्या आजोबांच्या काळापासून कधी इकडं दोन बोटं, कधी तिकडं दोन बोटं असा चालतोय. सरळ रेषेत निघाला असता तर एव्हाना भोरला पोचून कोर्टात स्वतःची साक्ष स्वतःच देऊन आला असता.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं आमच्या हातून जे झालं त्याला निव्वळ वाईटपणा म्हणू नये. त्यात सवयीचाही भाग होता.

माळाच्या अगदी वरच्या टोकाला माझ्या चुलतीचं वावर. तिला सगळं गाव काकी म्हणतं. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, पोटी कुणी नाही, आणि सातबाऱ्यावर तिच्या एकटीच्या नावानं असलेली जगातली एकमेव गोष्ट म्हणजे ते वावर. रोज सकाळी ती तिथं जाते. काम असलं तर काम करते, नसलं तर बसते. बसायला तिथं एक ढीग आहे, काळ्या खड्यांचा. खडे जड, काचेसारखे तकतकीत, आणि अंगभर भोकं, उकळता गूळ एकदम गोठावा तशी. हा कीट. फार पूर्वी इथं धावड लोक जांभ्यातून लोखंड गाळायचे. लोखंड गेलं, मळ राहिला, तो हा. आजोबा सांगायचे की धावडांनी भट्ट्यांसाठी इतकी झाडं जाळली, की माकडांना उडी मारायला दुसरं झाड उरलं नाही आणि ती रांगेनं पायवाटेनं जायला लागली. आमच्या घराण्यात जमीन वाटून कमी होत गेली, थाप मात्र वाटून वाढत गेली.

त्या कीटाचा आमच्या गावात एक रिवाज आहे. घरात बाळंतपण झालं की काकीच्या ढिगातला एक खडा मागून आणायचा, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायचा. लोखंडापाशी नजर लागत नाही म्हणतात. बाराव्या दिवशी, बारसं उरकलं, की तोच खडा फडक्यात झाकून वर न्यायचा आणि ढिगात ठेवून यायचा. नेताना झाकलेलाच न्यायचा. वाटेत भेटणाऱ्यानं काय आहे म्हणून विचारायचं नाही, आणि काकीनंही नाही. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी नर्सबाईची पाठ फिरली की खडा खाटेखाली सरकतोच. मी स्वतः जन्मल्यापासून बारा दिवस कीटावर झोपलोय. म्हणूनच माझ्या जिभेला अजून गंज चढलेला नाही.

तर खाण ही गोष्ट आम्हाला नवी नाही. धावड गेले. त्यानंतर हायवे रुंद व्हायला लागला तेव्हा डोंगर फोडणारे आले. माझं किकवीला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे, तिथं बसून मी ते सगळं बघितलं. क्रशर चालू असायचा तेव्हा चहात साखर किती आणि खडी किती हे दाताखाली आल्याशिवाय कळायचं नाही. एकदा सुरुंगाचा दगड उडून आला तो माझ्या पातेल्यात पडला, आणि त्यानं चहा सांडला नाही, नुसता ढवळला. सारोळ्याच्या पुलाखालची नीरेची वाळूही अशीच गेली. नदी राहिली, तिचं अंथरूण गेलं. दर खेपेला रीत एकच. कुणाला तरी काहीतरी हवं असतं, ते येतात, नेतात, आणि आपल्याला खड्डा ठेवून जातात. धावडांनी निदान कीट तरी ठेवला, बाळंतिणीच्या उपयोगाचा.

म्हणून त्या वर्षी होळी झाल्यावर माळावर जीप आली, तेव्हा गावानं पाव्हणे म्हणून पाणी दिलं, पण तांब्या देताना हात जरा मागंच ठेवला.

जीपमधून एक मॅडम उतरल्या, डोक्याला टोपी, पायात आमच्या गुराख्यांपेक्षा जाड बूट. बरोबर दोन माणसं. त्यांनी माळाकडेच्या आमच्या वावरांत, एकेकाच्या वावरात एक, असे गुडघ्याएवढे चौदा खड्डे घेतले, प्रत्येक खड्ड्यातली माती कापडी पिशवीत भरली, हातातल्या छोट्या यंत्रात काहीतरी बघितलं, आणि प्रत्येक खड्ड्याजवळ हाताला लागेल तो एक दगड ठेवून त्यावर लाल रंगानं आकडा घातला. माझ्या वावरात अकरा. पैलवानाच्या वावरात बारा. काकीच्या वावरात चौदा. ग्रामपंचायतीत त्या येऊन सांगून गेल्या की देशाला काही महत्त्वाची खनिजं हवी आहेत, म्हणून जुन्या जांभ्याच्या माळांची तपासणी चालू आहे, नुसती तपासणी, घाबरू नका.

घाबरू नका म्हटल्यावर गाव घाबरलं.

आमच्याकडं आकडा घातलेला दगड म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. हायवेच्या वेळी आकड्याचे दगड आले, पाठोपाठ नोटिसा आल्या. धरणाच्या वेळी खालच्या गावांत आकड्याचे दगड आले, पाठोपाठ पाणी आलं. म्हणजे आकडा ज्याच्या वावरात, वावर त्याचं जाणार. यावर पारावर एक दिवस चर्चा झाली आणि मग अचानक सगळे गप्प झाले. आमचं गाव गप्प बसलं की समजावं, प्रत्येकानं आपापल्यापुरता उपाय शोधलेला आहे.

मीही शोधला. चैत्रातली दुपार, सगळं गाव कौलांखाली आडवं. मी माळावर गेलो आणि अकरा नंबर उचलला. कुठं टाकावा? दरीत टाकला तर सापडेल. पैलवानाच्या वावरात टाकला तर पैलवान सापडेल. तेवढ्यात वर नजर गेली. काकीच्या वावरात चौदा नंबर होताच. जिथं एक आहे तिथं दुसरा गेला तर काय बिघडलं? तिचं तर गेल्यातच जमा. असं मी स्वतःला सांगितलं, आणि मी सांगितलेलं मला लगेच पटतं, हा माझा जुना दोष.

दगड धोतराच्या फडक्यात गुंडाळला. वर गेलो तर काकी ढिगावर बसलेली.

"काय रं, कुणीकडं?"

"नातीचा खडा परत ठिवायला आलोय, काकी."

ती माझ्या हातातल्या गाठोड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ठेव बाबा." आणि पाणी प्यायला झाडाखाली निघून गेली.

मी दगड ढिगामागं ठेवला आणि उतरलो. आपण लई हुशार, असं खाली येईपर्यंत वाटत होतं. वाटेत पैलवान भेटला. त्याच्याही हातात गाठोडं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही. झाकून नेलेलं विचारायचं नसतं.

त्यानंतर महिनाभर आमच्या पायवाटेवर इतकी वर्दळ झाली की मधे मधे गवत उगवायचं ते लाजून बंद झालं.

मॅडमची जीप पुन्हा दिसली ती माझ्या दुकानात. मागचं चाक बसलेलं. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावरच गाड्या पंक्चर कशा होतात, हे कृपा करून मला विचारू नये. मी चाक खोललं, त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि हळूच विषय काढला.

"मॅडम, वरती नक्की काय शोधताय वो?"

"बॉक्साइट असतं ना, अॅल्युमिनियमचा दगड. त्यात कधीकधी चिमूटभर गॅलियम असतो. मोबाईलच्या, रडारच्या चिपांना लागतो."

"सोन्यासारखा?"

"छे, मऊ. तळहातावर ठेवला तर वितळतो."

"हातावर?"

"हातावर. अंगाच्या उबेनं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थाप मारणाऱ्याला दुसऱ्याची थाप डोळ्यांत दिसते. त्यांच्या डोळ्यांत काही दिसेना.

"मग हाय का आमच्यात?"

"माहीत नाही. म्हणून तर माती नेली. बऱ्याचदा काहीच निघत नाही."

"आन ते दगडांवर आकडे घातलेत, ते?"

"ते आमच्या माणसाला खड्डा लवकर सापडावा म्हणून."

"दगड हलला तर?"

"हलू दे की. जागा यंत्रात नोंदलेली आहे." चहाचा कप तोंडाशी थांबला. "का? हलला का?"

"दगड कुठं हलत्यात मॅडम," मी म्हणालो आणि ट्यूब पाण्यात बुडवली. कुठून तरी बुडबुडे येत होते, ते ट्यूबमधून की माझ्यातून, सांगता येत नाही.

संध्याकाळी मी पारावर गॅलियमची गोष्ट सांगितली. आयुष्यात मी या पारावर काय काय सांगितलंय. रायरेश्वरावरच्या सात रंगांच्या मातीत आठवाही रंग आहे आणि तो सरकारनं झाकून ठेवलाय, हे मी सांगितलेलं आजही लोक पाव्हण्यांना सांगतात. गुंजवणीच्या धरणात बैलगाडीएवढा मासा आहे, हेही माझंच. सगळं पचलं. ही एकच गोष्ट खरी सांगितली, हातावर वितळणारा धातू, तर अख्खा पार हसला. पैलवान म्हणाला, "ह्याला आता थाप बी नीट जमंना. म्हातारा झाला."

यंत्राची गोष्ट मात्र मी गिळली. ती सांगायची तर आधी दगड कुणी हलवला हे सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी पांढरी गाडी आली. उतरलेल्या माणसाचे कपडे पांढरे, बूटही पांढरे. लाल मातीच्या माळावर पांढरे बूट घालून येणारा माणूस एकतर नवरदेव असतो किंवा दलाल, आणि याच्यामागं वरात नव्हती. कुणाचा माणूस, कुठल्या कंपनीचा, काही सांगेना. "मोठी पार्टी आहे" एवढंच. त्यानं सगळा माळ हिंडून बघितला. खड्डे दिसले, दगड कुठं दिसेनात. मग काकीच्या वावरात पोचला, आणि तिथं ढिगामागं, बांधाच्या पोटात, बोराटीच्या जाळीत, एक नाही, चांगले चौदा आकडे. त्यानं मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, असं पैलवान सांगतो. पैलवान तिथं काय करत होता, हे तो सांगत नाही.

दलालाला वाटलं, सगळा माल एका जागी आहे. गावाला वाटलं, बरंच झालं, काकीच्या वावरावर भागतंय. आणि त्या दिवसापासून काकीच्या घरी माणसांची रीघ लागली. जो तो पायरीवर बसून तंबाखू मळत तिच्या भल्याचं बोलायला लागला.

"काकी, तुमचं आता वय झालं. डोंगर चढताय कशाला?"

"मागं कोण हाय तुमाला? देऊन टाका, सुखानं ऱ्हावा."

काकी ऐकायची. तांदूळ निवडत असली तर निवडत राहायची. आमच्याकडं तांदूळ निवडताना जी बाई बोलत नाही, तिच्यापासून सांभाळून असावं.

गंमत बघा, सगळ्यांचा संशय होता तो माझ्यावर. काकीच्या मागं वारस म्हणून मीच. पैलवानानं तर मला पाराजवळ धरलंच.

"त्या पांढऱ्या बुटाला तूच आणलास ना?"

"म्या कशाला आणीन?"

"हायवेला बसतोस. असली माणसं हवा भरायला तुझ्याकडंच येत्यात. काकीला उठवायचं आन मधल्या मधी तू पोट भरायचं."

"आन तू तिच्या वावरात फोटो काढताना काय करत हुतास?"

पैलवान फडकं झटकत घराकडं वळला. संशय असा आमच्या दोघांच्या मधे, हद्दीच्या दगडासारखा, कधी इकडं दोन बोटं कधी तिकडं दोन बोटं. घरी आलो तर बायकोनंही तेच विचारलं, फक्त भाकरी थापता थापता. "आवं, खरं सांगा. तुमी काय केलं?" मी म्हणालो, काही नाही. तिनं भाकरी अशी आपटली की तव्याचाच श्वास गेला.

दलाल काकीकडं एक कागद ठेवून गेला. पंधरवड्यानं येतो, तोवर सही करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं मला बोलावलं. ओसरीवर कागद होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर कीटाचा खडा. तिला वाचता येतं, पण अक्षर बारीक होतं आणि चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"वाच," ती म्हणाली. "आन जसं हाय तसं वाच. तुझं घालू नको."

आयुष्यात मला इतकं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. मी वाचलं. पहिल्या पानावर संमती, तपासणी, सहकार्य, असं गोड गोड. तिसऱ्या पानाच्या तळाशी माझी जीभ अडकली. कुलमुखत्यारपत्र. हायवेच्या वेळी हा शब्द मी माझ्या दुकानात बसून शिकलोय. त्या शब्दाखाली सही केलेली माणसं नंतर माझ्याच दुकानात पाणी मागायला यायची. ताबा द्यायचा, घ्यायचा, विकायचा, खरेदीखत करायचं, सगळा अधिकार त्या पांढऱ्या बुटाला. काकीला कुठंही पुन्हा विचारायची गरज नाही.

मी थांबलो. पुढं काय बोलायचं ते माहीत होतं. सही करू नको. पण ती म्हणणार, का? सगळं गाव देऊन टाक म्हणतंय, तूच का नको म्हणतोस? आणि त्याचं उत्तर ढिगामागं पडलं होतं, लाल आकडा घातलेलं.

"काकी, ते आकड्याचे दगड."

"व्हय?"

"त्यातला अकरा नंबरचा माझा. म्या आणून ठेवलाय. मॅडमनी हितं ठेवलाच न्हवता. आन त्या दगडाला किंमतच न्हाई, जागा त्यांच्या यंत्रात हाय. हे मला महिन्यापास्नं ठाऊक हाय."

काकीनं खडा कागदावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

"तू आलास तवा म्हणालास, नातीचा खडा हाय. तुझी नात तवा माझ्या कोंबड्यांमागं पळत हुती."

मी ओसरीचं सारवण नखानं कोरायला लागलो.

"पैलवान आला. म्हणला, बाळंतपणाचा खडा. म्हणलं, कुणाचं? तसं विचारायचं नसतं, पण तोंडातनं गेलं. तर म्हणला, म्हशीचं." ती हसली नाही. "एका महिन्यात तेरा बाळंतपणं. म्या लगीन होऊन आल्यापास्नं ह्या गावात एका वक्ताला एवढी पोरं झाली न्हाईत."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"झाकून आणल्यालं विचारू न्हाई," काकी म्हणाली. "आन मला बघायचं हुतं, कोण कोण येतंय."

तिनं कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली. मग तिनं विचारलं, "हे गावाला सांगशील? यंत्राचं?"

"सांगीन. पण माझ्यावर इस्वास कोण ठेवणार?"

"ते बी खरं," ती म्हणाली, आणि उठली. "पाटी घे ती."

माळावर जाऊन आम्ही तेराही दगड गोळा केले. काकीनं प्रत्येकाचा आकडा बघितला. कुठला कुणी आणला, हे तिला विचारावं लागलं नाही. चौदा नंबर तेवढा तिनं त्याच्या खड्ड्याजवळ तसाच राहू दिला. मग दोन दिवस, भर उजेडात, ती एकेक दगड फडक्यात झाकून डोक्यावर घेऊन गावात उतरायची, एकेका घरात शिरायची, आणि दगड खाटेखाली ठेवून यायची. ओझं मी घेतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमी वर आणताना मला उचलू लागला हुता का?"

सगळ्यात शेवटी आमच्या घरी आली. बायको दारात.

"काकी, हे काय?"

"कीट."

"बाळंतपण कुणाचं?"

"तुझ्या नवऱ्याचं," काकी म्हणाली, आणि आत जाऊन अकरा नंबर माझ्या खाटेखाली सरकवला. चहा घेतला, बशी पालथी घातली, आणि जाता जाता म्हणाली, "बाराव्या दिवशी परत न्हे. माझ्या वावरात न्हाई. जिथला हाय तिथं."

घरोघर हेच झालं. कुणी नाही म्हणाला नाही, कारण नाही म्हणायचं तर आधी ते काय आहे हे विचारावं लागणार. बारा दिवस गावातले तेरा कर्ते पुरुष दगडावर झोपले. अकरा नंबर असा खाली होता की वरच्या गादीतून मला आकडा टोचायचा. मी कुशीवर वळलो तर बरगडीत एक, उताणा झालो तर पाठीत दोन.

या बारा दिवसांत मी पारावर यंत्राची गोष्ट सांगून टाकली. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही, आणि पहिल्यांदाच कुणी काही विचारलंही नाही. कागदातला तो शब्दही सांगितला. तो ऐकल्यावर पैलवानानं मळलेली तंबाखू तोंडात टाकायच्या ऐवजी खिशात टाकली.

बाराव्या दिवशी सकाळी पांढरी गाडी बरोबर आली. दलाल माझ्यापुढं दहा पावलांवर चढत होता आणि पायवाटेनं गाव चढत होतं, प्रत्येकाच्या हातात फडक्यात झाकलेलं काहीतरी. तो एकेकाला विचारायचा, "काय चाललंय? काय नेताय?" आणि जो तो म्हणायचा, "विचारायचं नसतं." पाचव्यांदा तेच ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. गाव आपल्यापासून काहीतरी दडवतंय, हे त्याला कळलं. काय दडवतंय, हे मात्र कळेना. संशय आमच्याकडून निघून त्याच्या अंगावर चढताना मी डोळ्यांनी बघितला.

काकी ढिगावर बसलेली. वावरात एकच दगड, चौदा नंबर.

"आजी, बाकीचे दगड कुठं गेले?"

"आपापल्या घरी."

"इथंच होते ना पण? फोटो आहेत माझ्याकडं."

"तवा पाव्हणे हुते."

त्यानं खाली बघितलं. माळभर माणसं वाकून वाकून काहीतरी ठेवत होती, इथं एक, तिथं एक. कुठला दगड खरा, कुठला आणून ठेवलेला, आधीचे खरे की आताचे, काही कळायला मार्ग नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही त्या माळावर सही घेतली नसती.

काकीनं कागदाची घडी पुढं केली. "ह्यात लई बारीक लिवलंय. त्यो शेवटचा शब्द काढा, बाकीचं मोठ्या अक्षरात लिवा, आन मंग या. म्या हितंच हाय."

तो कागद घेऊन गेला. उतरताना बूट घोट्यापर्यंत लाल झालेले. पुन्हा आला नाही. अजून तरी नाही. हायवेला पांढरी गाडी थांबली की मी आधी पाय बघतो.

आम्ही दोघं, मी आणि पैलवान, आपापले दगड घेऊन हद्दीवर उभे. अकराचा खड्डा माझ्यात, बाराचा त्याच्यात, मधे चार पावलं.

"ठेव की," पैलवान म्हणाला.

"तू आधी."

"म्या आधी ठेवला आन तू तिकडं सरकवलास मंजी?"

वरून काकीचा आवाज आला, "दोगं बी एकदम ठेवा. म्या बघतीय."

आम्ही एकदम ठेवले. तिथून उठताना पैलवानाच्या गुडघ्यांचा आवाज तोरण्याला आपटून परत आला.

मातीत काय निघालं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मॅडम एकदा हवा भरायला थांबल्या होत्या, म्हणाल्या, तपासणी चालू आहे. मी पुढं काही विचारलं नाही. दगड जिथल्या तिथं आहेत. मी रोज बघतो, पैलवान रोज बघतो, आणि आपण बघतोय हे दुसरा बघतोय का, तेही बघतो.

या पावसाळ्यात मला दुसरी नात झाली. खडा मी काकीकडून मागून आणला, बारा दिवस सुनेच्या खाटेखाली होता, बारसं झालं. त्याच दिवशी, रीतीप्रमाणं फडक्यात झाकून मी वर नेला. काकी नाचणीत खुरपत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले.

"खडा आणलाय, काकी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग गाठोड्याकडं.

"फडकं काढ," ती म्हणाली.

मी काढलं. काळा, भोकाभोकाचा, खराखुरा कीट. तिनं तो हातात घेऊन तोलला, उलटा करून बघितला, सगळीकडून, कुठं लाल रंग नाही ना. मग ढिगावर ठेवला आणि परत खुरपायला बसली.